लिंक आणि ब्लॉक एलिमेंट: <ए> टॅग कशाच्या आत, आणि <ए> च्या आत काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पानावर लिंक दिसते, क्लिक केली की उघडते, म्हणून मार्कअप (पानाचं एचटीएमएल) बरोबर असेल असं आपण धरून चालतो. पण लिंक कोणत्या एलिमेंटच्या आत आहे आणि तिच्या आत काय ठेवलं आहे, यावर ब्राउझर पानाची रचना कशी बांधतो हे ठरतं.

वाचायला सोपं जावं म्हणून टॅगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत: <ए> (लिंक), <पी> (परिच्छेद), <डिव्ह> (नुसती पेटी), <एच2> (हेडिंग), <एलआय> (यादीतली नोंद). फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची.

<ए> मध्ये <डिव्ह> चालतो का? काही लेख नाही म्हणतात, काही हो.

लेख कधीचा आहे ते पाहा. डिसेंबर 1999 मध्ये आलेल्या एचटीएमएल 4.01 मध्ये <ए> हा इनलाइन (ओळीतच बसणारा) एलिमेंट होता आणि त्याच्या आत फक्त मजकूर आणि इतर इनलाइन एलिमेंट चालत. <डिव्ह>, <पी>, <एच2> त्यात घातले की पान अवैध. जानेवारी 2000 मधल्या एक्सएचटीएमएल 1.0 मध्येही हेच होतं. त्यामुळे जुन्या पिढीला एकच शिस्त लागली: आधी ब्लॉक (नव्या ओळीवर सुरू होणारं पेटीसारखं एलिमेंट), त्याच्या आत लिंक.

एचटीएमएल5 मध्ये, म्हणजे ऑक्टोबर 2014 मध्ये डब्ल्यू3सी या वेब-मानक संस्थेची शिफारस झालेल्या आवृत्तीत, हा नियम बदलला. आता <ए> मध्ये परिच्छेद, हेडिंग, यादी, अख्खा <सेक्शन>सुद्धा बसतो. दोन अटी आहेत. पहिली, <ए> ज्याच्या आत आहे त्या पालकाला तो मजकूर चालायला हवा. दुसरी, <ए> च्या आत, कितीही खोलवर, दुसरं क्लिक करण्याजोगं काही नको. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न या दोन अटींपैकी एक मोडल्यामुळे येतात.

पहिली अट नीट कळली नाही. ‘पारदर्शक’ म्हणतात ते हेच का?

हेच. <ए> चा स्वतःचा असा आतल्या मजकुराचा नियम नाही. तो पालकाचा नियम उसना घेतो. <इन्स> (जोडलेला मजकूर) आणि <डेल> (वगळलेला मजकूर) यांचंही तसंच आहे.

तपासायची सोपी रीत: <ए> चा सुरुवातीचा आणि शेवटचा टॅग मनातल्या मनात पुसून टाका. उरलेलं मार्कअप वैध आहे का ते पाहा.

<डिव्ह><ए><एच3>पावसाचा अंदाज</एच3></ए></डिव्ह>

यातला <ए> पुसला तर <डिव्ह> मध्ये <एच3> उरतं. चालतं.

<पी><ए><डिव्ह>पावसाचा अंदाज</डिव्ह></ए></पी>

इथे <ए> पुसल्यावर <पी> मध्ये <डिव्ह> उरतो. <पी> मध्ये फक्त ओळीत बसणारा मजकूर चालतो, म्हणून हे अवैध. चूक <ए> ची नाही. तरी <स्पॅन> किंवा <एच2> सारख्या पालकात असं झालं तर व्हॅलिडेटर (एचटीएमएल तपासणारं साधन) बोट दाखवतो <ए> कडे: ‘एलिमेंट डिव्ह नॉट अलाउड अ‍ॅज चाइल्ड ऑफ एलिमेंट ए’. हा संदेश वाचून लोक <ए> शी झटापट करत बसतात. पाहायला हवं ते <ए> च्या वरचं एलिमेंट.

समजा <पी><ए><डिव्ह> तसंच ठेवलं. ब्राउझरला तर काही अडचण येत नाही.

ब्राउझर तक्रार करत नाही, गुपचूप दुरुस्ती करतो, आणि ती दुरुस्ती तुम्हाला हवी तशी नसते. वरच्या ओळीचं काय होतं ते क्रमाने पाहा.

<पी> उघडतो, त्यात <ए> उघडतो. मग <डिव्ह> येतो. उघड्या <पी> मध्ये <डिव्ह> आला की पार्सर (एचटीएमएल वाचून पानाच्या रचनेचं झाड बांधणारा ब्राउझरचा भाग) <पी> लगेच बंद करतो, आणि त्याच्यासोबत आतला <ए> सुद्धा. पण <ए> चा शेवटचा टॅग अजून आलेला नाही, म्हणून पार्सर त्याची आठवण ठेवतो आणि <डिव्ह> मध्ये मजकूर सुरू होताच त्याच <ए> ची नक्कल तिथे उघडतो. शेवटी आलेल्या </पी> ला जोडीदार उरलेला नसतो, तेव्हा पार्सर एक नवा रिकामा <पी> तयार करतो. हाती लागतं ते असं:

<पी><ए></ए></पी>
<डिव्ह><ए>पावसाचा अंदाज</ए></डिव्ह>
<पी></पी>

एका लिंकच्या दोन झाल्या. पहिली रिकामी आहे, पण तिला पत्ता आहे. म्हणून टॅब की दाबत जाणाऱ्याचा फोकस तिच्यावर थांबतो आणि स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तिथे नाव नसलेली लिंक वाचतो. <ए> वर आयडी असेल तर तोही दोनदा येतो. वर-खाली दोन परिच्छेदांची नको असलेली मोकळी जागा पडते आणि ‘हा गॅप कुठून आला’ म्हणून सीएसएस (पान कसं दिसावं याचे नियम) चाळण्यात वेळ जातो.

उघडा <पी> असा बंद पाडणारा <डिव्ह> एकटा नाही. <यूएल>, <ओएल>, <टेबल>, <फॉर्म>, <फिगर>, <सेक्शन>, <आर्टिकल>, सगळी हेडिंगं, <एचआर> आणि दुसरा <पी> हेही तेच करतात.

उपाय दोन. बाहेरचा <पी> काढून <डिव्ह> करा, किंवा आतल्या <डिव्ह> चा <स्पॅन> करून त्याला सीएसएसने ब्लॉक करा.

<पी> सोडून आणखी कोणत्या पालकांत हा प्रश्न येतो?

<एच1> ते <एच6>, <स्पॅन>, <स्ट्राँग>, <ईएम>, <लेबल>, <प्री>. या सगळ्यांत फक्त ओळीतला मजकूर चालतो. फरक असा की यांच्यात <डिव्ह> आला तरी पार्सर त्यांना बंद करत नाही. झाड तुम्ही लिहिलं तसंच राहतं आणि चूक फक्त व्हॅलिडेटरला दिसते. तातडी कमी, पण अवैध ते अवैधच.

<एलआय>, <टीडी>, <डीडी>, <डिव्ह>, <आर्टिकल>, <मेन> यांच्यात <ए> च्या आत ब्लॉक बिनधास्त ठेवा.

लिंकच्या आत दुसरी लिंक का चालत नाही? कार्ड एका बातमीकडे नेतं आणि त्यातलं लेखकाचं नाव लेखकाच्या पानाकडे, असं हवं आहे.

हे एचटीएमएल 4 मध्येही नव्हतं, आजही नाही, आणि इथे तर पार्सर मार्कअप चक्क तोडतो. दुसरा <ए> दिसला की पहिला तिथेच बंद होतो. साध्या ओळीत याचा अर्थ एवढाच की पहिली लिंक लवकर संपते आणि दुसरीच्या नंतरचा मजकूर लिंकविना उरतो. मध्ये ब्लॉक असेल तर नुकसान जास्त होतं:

<ए एक><डिव्ह>बातमी <ए दोन>लेखक</ए> तारीख</डिव्ह></ए>

याचं होतं:

<ए एक></ए><डिव्ह><ए एक>बातमी </ए><ए दोन>लेखक</ए> तारीख</डिव्ह>

<डिव्ह> बाहेर पडला, आधी एक रिकामी लिंक राहिली, ‘तारीख’ला लिंकच नाही. कार्डाची पार्श्वभूमी किंवा कडा पहिल्या <ए> वर असेल तर कार्ड मोडलेलं दिसतं. ‘फक्त एका कार्डाचा लेआउट बिघडतो’ अशी तक्रार असेल तर त्या कार्डाच्या मजकुरात कोणीतरी लिंक टाकलेली आहे का ते आधी पाहा. संपादकाने सारांशात घातलेली लिंक हे नेहमीचं कारण.

एचरेफ (लिंकचा पत्ता) नसलेला <ए> सुद्धा या नियमातून सुटत नाही. वरच्या गरजेसाठी काय करायचं ते पुढे कार्डाच्या प्रश्नात आहे.

लिंकच्या आत बटण?

नाही. <बटन>, <सिलेक्ट>, <टेक्स्टएरिया>, <लेबल>, <डिटेल्स>, <आयफ्रेम>, हिडन सोडून कोणताही <इनपुट>, कंट्रोल्स असलेला <व्हिडिओ> किंवा <ऑडिओ>, आणि टॅबइंडेक्स (फोकस मिळवून देणारा गुणधर्म) लावलेलं काहीही <ए> च्या आत नको. उलटही नको: <बटन> च्या आत <ए> तितकाच अवैध.

इथे पार्सर काही बदलत नाही, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपून राहते. परिणाम मात्र होतो: टॅब की दाबल्यावर एकाच दिसणाऱ्या वस्तूवर दोन थांबे लागतात, आणि क्लिक लिंकला गेलं की बटणाला याची खात्री देता येत नाही. बहुतेक वेळा हवं असतं ते बटणासारखं दिसणं. मग <ए> ला बटणाचा क्लास द्या आणि <बटन> काढून टाका. दुसऱ्या पानावर न्यायचं असेल तर लिंक. याच पानावर काही घडवायचं असेल तर बटण.

<लेबल> च्या आत लिंक मात्र चालते. ‘मला अटी मान्य आहेत’ या चेकबॉक्सच्या ओळीतली ‘अटी’ ही लिंक दाबली तर लिंकच उघडते, चेकबॉक्सवर खूण होत नाही.

<एच2> मध्ये <ए>, की <ए> मध्ये <एच2>?

दोन्ही वैध. फक्त हेडिंगला लिंक द्यायची असेल तर <एच2> च्या आत <ए> ठेवा: जुन्या साधनांत चालतं, लिंक शब्दांपुरती राहते, बाजूच्या कोऱ्या जागेवर चुकून क्लिक होत नाही. हेडिंगसोबत चित्र किंवा एक ओळ सारांशही त्याच लिंकमध्ये हवा असेल तरच <ए> बाहेर न्या.

बाहेर नेलेल्या <ए> ला एरिया-लेबल (aria-label, स्क्रीन रीडरसाठी वेगळं नाव देणारा गुणधर्म) देण्याचा मोह टाळा. ते दिलं की लिंकचं नाव म्हणून तेच वाचलं जातं, आतला मजकूर नाही.

<यूएल> मधल्या प्रत्येक <एलआय> भोवती <ए> गुंडाळला तर?

<यूएल> चं थेट मूल <एलआय> च असावं लागतं. (<स्क्रिप्ट> आणि <टेम्प्लेट> एवढेच अपवाद.) म्हणून <यूएल><एलआय><ए> असाच क्रम. अख्खी पट्टी क्लिक व्हायला हवी असेल तर पॅडिंग <एलआय> वरून काढून <ए> वर द्या आणि <ए> ला डिस्प्ले: ब्लॉक. मेनूतल्या ‘फक्त अक्षरांवरच क्लिक होतं’ या तक्रारीचं उत्तर नव्वद टक्के वेळा एवढंच असतं, असं म्हटलं तरी कोणी वाद घालणार नाही.

<डीएल> मध्ये <डीटी> भोवती <ए> नको, <डीटी> च्या आत हवा. <फिगर> मध्ये <फिगकॅप्शन> भोवतीही नको, कारण <फिगकॅप्शन> हे <फिगर> चं थेट मूल असावं लागतं. अख्ख्या <फिगर> भोवती चालतो.

टेबलच्या पूर्ण रांगेला लिंक देता येते का?

मार्कअपने नाही. <टीआर> मध्ये <टीडी> आणि <टीएच> शिवाय काही चालत नाही, आणि टेबलच्या बाबतीत पार्सर फार कडक आहे. <टीआर><ए><टीडी> लिहिलं तर तो <ए> उचलून टेबलच्या आधी नेऊन ठेवतो, रिकामा. खणातल्या मजकुराला लिंक लागतच नाही. दहा रांगा असतील तर टेबलच्या वर दहा रिकाम्या लिंका जमतात. दिसत नाहीत, पण टॅब की दाबा आणि मोजा.

रांगेतल्या मुख्य खणात, म्हणजे नाव किंवा क्रमांक जिथे आहे तिथे, लिंक द्या. प्रत्येक खणात तीच लिंक देऊ नका, कीबोर्डवाल्याला प्रत्येक रांगेत पाच-सहा थांबे घ्यावे लागतात.

पूर्ण कार्ड क्लिक व्हायला हवं. सर्वांत बरी पद्धत कोणती?

<ए> मध्ये अख्खं <आर्टिकल> घालणं वैध आहे. आत दुसरी लिंक किंवा बटण नसेल आणि मजकूर दोन-तीन ओळींचा असेल तर खुशाल करा. मजकूर वाढला की अडचण येते: लिंकचं नाव म्हणजे तिच्या आतला सगळा मजकूर. शीर्षक, तारीख, विभाग, चार ओळींचा सारांश आणि चित्राचा ऑल्ट (पर्यायी मजकूर) एका दमात लिंक म्हणून वाचला जातो.

आमची पसंती ताणलेल्या लिंकला. मार्कअपमध्ये लिंक शीर्षकापुरतीच, क्लिकची जागा सीएसएसने मोठी केलेली. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस संचात 4.3 पासून ‘स्ट्रेच्ड-लिंक’ हा क्लास हेच करतो. हाताने करायचं तर:

1. कार्डाच्या <आर्टिकल> ला पोझिशन: रिलेटिव्ह.
2. आत <एच3>, त्यात <ए>, त्यात शीर्षक.
3. त्या <ए> च्या ::आफ्टर (सीएसएसने जोडलेला भाग) ला रिकामं कंटेंट, पोझिशन: अ‍ॅब्सोल्यूट आणि इनसेट: 0.
4. लेखकाच्या नावासारखी दुसरी लिंक कार्डात स्वतंत्र ठेवा, पहिल्या <ए> च्या आत नाही. तिला पोझिशन: रिलेटिव्ह आणि झेड-इंडेक्स: 1.

हे चालत नसेल तर बहुधा <ए> ला किंवा <एच3> ला आधीच पोझिशन: रिलेटिव्ह दिलेलं असतं. मग ::आफ्टर कार्डभर पसरण्याऐवजी त्या एलिमेंटपुरतंच पसरतं. ट्रान्सफॉर्म लावलेलं मधलं एलिमेंटही असंच अडवतं. एक तोटा मान्य करायला हवा: कार्डातला मजकूर माऊसने निवडून कॉपी करता येत नाही. फोन नंबर किंवा पत्ता असलेल्या कार्डाला ही पद्धत वापरू नका.

शीर्षकाची लिंक असली की खालचं ‘अधिक वाचा’ लिंकविना ठेवलं तरी चालतं. लिंकांची यादी ऐकणाऱ्याला ‘अधिक वाचा’, ‘अधिक वाचा’, ‘अधिक वाचा’ यातून काहीच कळत नाही.

<डिव्ह> ला ऑनक्लिक लावून पान उघडणं हा पर्याय नव्हे. कीबोर्ड चालत नाही, नव्या टॅबमध्ये उघडता येत नाही, पत्ता कॉपी करता येत नाही.

<ए> ला डिस्प्ले: ब्लॉक दिलं की आत ब्लॉक वैध होतो ना?

वैधतेशी सीएसएसचा संबंध नाही. <पी><ए><डिव्ह> हे कोणत्याही डिस्प्लेने वैध होत नाही, आणि <डिव्ह><ए><एच3> हे डिस्प्ले न देताही वैध आहे. ‘ब्लॉक’ आणि ‘इनलाइन’ हे शब्द आपण बोलताना वापरतो. आजचं एचटीएमएल त्यांऐवजी फ्लो कंटेंट (जवळजवळ सगळं) आणि फ्रेझिंग कंटेंट (ओळीतला मजकूर) असे गट मानतं.

तरी वैध मार्कअपमध्येही डिस्प्ले: ब्लॉक द्याच. <ए> मुळात इनलाइन असतो. त्यात ब्लॉक आला की इनलाइन पेटीचे त्या ब्लॉकच्या आधी आणि नंतर असे तुकडे पडतात. कडा आणि पार्श्वभूमी त्या रिकाम्या तुकड्यांना लागते, मधल्या ब्लॉकला नाही, आणि फोकसची चौकट भलत्याच आकाराची दिसू शकते. <ए> थेट फ्लेक्स किंवा ग्रिडचं मूल असेल तर तो आपोआप ब्लॉक होतो, मात्र तेव्हा ग्रिडची चौकट <ए> असतो, आतलं <आर्टिकल> नाही. कार्डांची उंची समान होत नाही याचं कारण इथे सापडतं: <आर्टिकल> ला हाइट: 100% द्या.

अधोरेखनाबद्दल जाता जाता: मराठी शीर्षकाच्या लिंकखालची रेघ उकारांना जाऊन चिकटते. टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट: 0.25em च्या आसपास ठेवलं की वाचायला बरं पडतं.

आमचं पान जुन्या स्ट्रिक्ट डॉकटाइपचं (फाइलच्या सुरुवातीची आवृत्तीची घोषणा) आहे. <बॉडी> मध्ये थेट ठेवलेल्या <ए> वर चूक दाखवतं.

एचटीएमएल 4.01 स्ट्रिक्टमध्ये <बॉडी>, <फॉर्म> आणि <ब्लॉककोट> यांच्यात थेट इनलाइन मजकूर चालत नसे. लिंक <पी> किंवा <डिव्ह> मध्ये ठेवा. किंवा डॉकटाइप आजचा करा, ती चूक राहणारच नाही.

वर्डप्रेसमध्ये <ए> भोवती आपोआप <पी> येतो.

जुना क्लासिक एडिटर रिकाम्या ओळी पाहून स्वतः <पी> घालतो. <ए> ने दोन-तीन ब्लॉक गुंडाळले तर सुरुवातीचा टॅग एका <पी> मध्ये आणि शेवटचा दुसऱ्या <पी> मध्ये जाऊन पडतो. तो भाग मजकुरात न ठेवता थीमच्या टेम्प्लेटमध्ये किंवा ब्लॉक एडिटरच्या कस्टम एचटीएमएल ब्लॉकमध्ये ठेवा.

रिअ‍ॅक्टमध्ये लिंकच्या आत लिंक स्क्रीनवर व्यवस्थित दिसते. मग हायड्रेशनची (सर्व्हरवरून आलेल्या पानाला जावास्क्रिप्ट जोडतानाची) चूक का?

जावास्क्रिप्टने (रिअ‍ॅक्ट ही तिचीच लायब्ररी) थेट डॉम, म्हणजे पानाचं झाड, बांधताना पार्सर मध्ये येत नाही, म्हणून अवैध रचनाही तशीच उभी राहते. सर्व्हरवर तयार झालेलं एचटीएमएल मात्र पार्सरमधून जातं आणि तो ते वर दाखवल्याप्रमाणे बदलतो. रिअ‍ॅक्टला अपेक्षित झाड आणि ब्राउझरमधलं झाड जुळत नाही. <पी> मधल्या <डिव्ह> चंही तेच. नेक्स्ट.जेएस या रिअ‍ॅक्टवरच्या फ्रेमवर्कमध्ये 13 पासून लिंक हा घटक स्वतःच <ए> तयार करतो. 12 मधून आणलेल्या कोडमध्ये त्याच्या आत आणखी एक <ए> राहिलेला असेल तर तो काढा.

तपासायचं कसं?

डब्ल्यू3सीचा न्यू एचटीएमएल चेकर उघडा. पत्ता देऊन, फाइल चढवून किंवा मजकूर चिकटवून तपासता येतं. ‘नो पी एलिमेंट इन स्कोप बट ए पी एंड टॅग सीन’ असा संदेश आला तर त्याच्या वर कुठेतरी <पी> लवकर बंद झाला आहे. ‘अ‍ॅन ए स्टार्ट टॅग सीन बट अ‍ॅन एलिमेंट ऑफ द सेम टाइप वॉज ऑलरेडी ओपन’ म्हणजे लिंकमध्ये लिंक, किंवा आधीच्या <ए> चा शेवटचा टॅग विसरला. चुका वरून खाली सोडवा. पहिली गेली की खालच्या पाच-सहा आपोआप जातात.

डेव्हलपर टूल्समधल्या एलिमेंट्स पॅनलमधून मार्कअप कॉपी करून व्हॅलिडेटरला देऊ नका. तिथे दिसतं ते दुरुस्त केलेलं झाड. तुम्ही लिहिलेलं पाहायचं तर पेज सोर्स उघडा. दोन्ही शेजारी ठेवले की पार्सरने कुठे हात घातला ते लगेच दिसतं.

सुगम्यतेच्या (अपंगांनाही पान वापरता यावं यासाठीच्या) नियमांत वैध मार्कअप सक्तीचं आहे का?

ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या सुगम्यतेच्या नियमावलीतून पार्सिंगचा 4.1.1 हा निकष काढून टाकला आहे. त्यामुळे नुसती अवैध रचना हा आता वेगळा दोष धरला जात नाही. रिकामी लिंक, नाव नसलेली लिंक, दुहेरी टॅब-थांबे हे मात्र इतर निकषांत सापडतात, आणि ते येतात याच चुकांतून. भारतातल्या सरकारी संकेतस्थळांसाठीच्या जीआयजीडब्ल्यू 3.0 मध्ये डब्ल्यूसीएजी 2.1 ची एए पातळी अपेक्षित आहे. तिथे लिंकचा हेतू सांगणारा 2.4.4 हा निकष लागू होतो.

ईमेलमध्ये ब्लॉकभोवती लिंक चालेल?

वैध असली तरी भरवसा नाही. विंडोजवरचं क्लासिक आउटलुक 2007 पासून वर्डच्या इंजिनाने ईमेल रेखाटतं. ईमेलमध्ये 1999 चाच नियम पाळा: <टीडी> च्या आत <ए>, चित्राला वेगळा, शीर्षकाला वेगळा, पत्ता तोच.